ओल्या कापडातला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या उंच डोंगरातल्या घाटमाथ्यावरच्या हवामान केंद्राच्या अंगणात झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे, तिच्यात आम्ही दोघे भाऊ टांगलेले आहोत. थोरला कोरडा. माझ्या बुडाला मात्र पातळ सुती कापड गुंडाळलेलं असतं आणि ते कायम ओलं ठेवायचं असतं. हवा कोरडी असली की कापडातलं पाणी उडतं आणि मी थोरल्याच्या खाली उतरतो. दोघांचा आकडा एकच झाला, की समजा धुकं दारात आलं. आणि तो आकडा शून्याखालचा असेल तर, मित्रांनो, ते धुकं रस्त्यावर काचेसारखं गोठतं.

एके काळी माझ्या शब्दावर घाट बंद व्हायचा. "हा बोलला म्हणजे बोलला," असं इथली निरीक्षक ताई अभिमानाने सांगायची.

मग तिला कंटाळा आला. शुद्ध पाण्याची बाटली कोठीत, नळ हाताशी. नळाच्या पाण्याने माझ्या कापडावर क्षारांचा पापुद्रा चढला, ते पाणी शोषेना. मी कोरडा पडलो आणि थोरल्याचाच आकडा सांगू लागलो. ताईने धुक्याचे इशारे दिले, बाहेर लख्ख ऊन!

तिचा धाकटा भाऊ घाटातली बस चालवतो. तो खिडकीतून ओरडायचा, "ताई, तुझं धुकं भेटलं गं वाटेत! गॉगल घालून बसलं होतं!"

"गप रे, गाढवा!" ती हसायची. राग माझ्यावर काढायची. कापड काही बदललं नाही.

आज दुपार कलताना आम्ही दोघे एकाच आकड्यावर होतो, शून्याखाली. ताईने माझ्या काचेवर टिचकी मारली. "झालं याचं सुरू!"

तेवढ्यात खालच्या थांब्यावरून भावाचा फोन आला. "निघू का गं? गाडी भरलीय."

"ये रे, निवांत ये. हे थेरडं उगाच बरळतंय."

नवं कापड बांधून पुन्हा बघायला चहा उकळण्याइतका वेळ लागला असता. तेवढाही तिने दिला नाही.

दरीतून पांढरं वर आलं. आधी कुंपण गेलं, मग फाटक. पेटीच्या झडपांवर बर्फाचे काटे उगवले. वळणावर बसचा हॉर्न वाजला, लांब, एकसारखा. मग थांबला.

मित्रांनो, मला राग आलाय आणि मी तो लपवणार नाही. धोका सांगणाऱ्याची निगा राखायची नाही आणि तो बिघडला की त्यालाच खोटारडा म्हणायचं, हे धंदे बंद करा. आधी त्याला नीट करा, मग खुशाल त्याच्याशी भांडा.

ताई बॅटरी घेऊन रस्त्यावर गेली आहे. पाय घसरतोय, तरी भावाला हाका मारते आहे. मी ऐकतोय. उत्तर अजून आलेलं नाही.