माशांचं शिळं पाणी

गप्पी माशांची पहिली खेप मेली तेव्हा करणने दुकानदाराला दोष दिला. दुसरी मेली तेव्हा हीटरला. तिसऱ्या खेपेचे मासे जिवंत असतानाच त्याला खरं कारण सापडलं. त्याचे वडील कानिफनाथ स्वयंपाकघरात सिंकपाशी उभे राहून टाकीच्या फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने घासत होते.

"तात्या, हे काय करताय?"

"बघ किती घाण निघती! काळी, बुळबुळीत. तुला म्हणलं होतं ना, मासे उगाच मरत न्हाईत."

"आणि मासे कुठंयत?"

"बादलीत. टाकी घासून घेतली, ताजं पाणी भरलं. आज नळाला चांगली धार हुती."

करणने बादलीत पाहिलं. एक मासा आडवा झाला होता. बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. बादलीतल्या आणि टाकीतल्याही पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता. संध्याकाळपर्यंत सगळे मेले.

ही टाकी घरात आली होती ती तात्यांसाठीच. बायको गेल्यावर ते सोनईला, गावच्या घरी एकटेच राहत. दोन गाई, थोडा ऊस आणि दिवसभराची कामं. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यात पाय घसरून पडले आणि सकाळी दूध न्यायला येणारा माणूस पोहोचेपर्यंत तसेच पडून राहिले. कमरेला मुका मार होता, हाड शाबूत होतं. करणने त्यांना केडगावला आपल्या फ्लॅटवर आणलं आणि गाई चुलतभावाकडे दिल्या. तात्या महिनाभर गप्प राहिले. मग रोज एकच सांगू लागले, "हाताला काम न्हाई तर मी हितं कशाला? मला सोनईला सोड."

ते परत गेले तर पुन्हा पडतील, आणि त्या दिवशी कोणी येणार नाही, या विचाराने करणची झोप उडाली होती. सोसायटीत कुत्रा चालत नव्हता. मासे आणायची कल्पना त्याची बायको रेश्मा हिची. जित्राब म्हणून मासा लहान असला तरी त्याचं करावं लागतं, मामा रमतील, असं ती सासऱ्यांबद्दल म्हणाली.

तात्या रमले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

मासे विकणाऱ्या वैजनाथने करणला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. नवी टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. फिल्टर चालू ठेवून पाणी काही आठवडे मुरू द्यायचं. माशांची घाण पचवणारे जंतू स्पंजात धरतात, म्हणून स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून परत लावायचा. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, ब्लीचिंग उडालं की मगच वापरायचं, आणि तेही आठवड्यातून एकदा, चौथा भाग. करणने हे सगळं तात्यांना समजावलं होतं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं.

"शिळं पाणी?" त्या दिवशी मेलेले मासे कुंडीत पुरताना ते म्हणाले. "मुक्या जनावराला शिळं पाणी पाजू? माझ्या हौदातलं पाणी माणसानं प्यावं असं असायचं. रोज घासायचो मी हौद, रोज!"

"तात्या, ही गाय नाही."

"जीव हाय ना?"

"तुम्ही त्याचा जीव घेताय! तिसऱ्यांदा!"

"बादलीतलं शिळं पानी म्या दर खेपेला वतून दिलं, म्हनून तर इतके दिस तरी जगले," कानिफनाथ म्हणाले. केडगावात नळ येतो त्या दिवशी घरोघर कालचं पाणी ओतून देतात आणि ताजं भरतात. करणने माशांसाठी भरून ठेवलेली बादलीही त्यांनी दर वेळी याच न्यायाने मोरीत ओतली होती. हे करणला आता कळलं, आणि त्याचा तोल सुटला.

"यापुढे टाकीला हात लावायचा नाही. खाणं मी घालीन, पाणी मी बघीन. तुम्ही फक्त बघा."

"बरं," तात्या म्हणाले.

करणने झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी लावली. खाण्यासाठी आणि पाण्याच्या नळीसाठी एक कोपरा तेवढा मोकळा ठेवला.

या वेळी सगळं वैजनाथने सांगितलं तसं झालं. रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे खळखळत राहिली. पाणी आधी गढूळ झालं, मग आपोआप निवळलं. मासे सोडले, ते जगले. एका मादीला पिल्लं झाली. करणने फोटो काढून ऑफिसात दाखवले. घरी आला की आधी टाकीपाशी जाई, तापमान बघे, मग बूट काढी. रेश्मा हे बघत होती. तात्या टाकीकडे पाठ करून बसायला लागले आहेत हेही तिने पाहिलं आणि करणला सांगितलं. "सवय होईल त्यांना," तो म्हणाला.

एका रविवारी सकाळी तात्या धोतर नेसून, टोपी घालून, पिशवी घेऊन बाहेर आले.

"कुठं निघालात?"

"सोनईला."

"तिथं काय आहे आता? गाई नाहीत."

"गोठा हाय. झाडाया लागंल."

"झाडायला? आणि पडलात तर?"

"पडलो तर उठंन."

"तात्या, बसा जरा. हे बघा, पिल्लं केवढी झालीत."

"झाली ना. म्या हात लावला न्हाई म्हनून झाली. तूच म्हनतोस. माझ्यावाचून ज्याचं झ्याक चाललंय, त्याच्याम्होरं मी कशाला बसू?"

आतून रेश्माचा आवाज आला, "पिल्लांसाठी आणली होती का हो आपण टाकी?"

करण टाकीपाशी गेला. मग त्याने नखाने चिकटपट्टी ओढायला सुरुवात केली. ती निघेना. तुकडे तुकडे होऊन हाताला चिकटत राहिली.

"आज पाणी बदलायचंय," तो म्हणाला. "तुम्ही बदला."

"समदं?"

"समदं नाही. चौथा भाग."

"चौथ्या भागानं काय व्हतं? तीन भाग घाण तशीच."

"ती घाण नाही, किती वेळा सांगू!"

"मग तूच बदल." तात्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"तिसरा भाग."

"निम्मं."

"निम्म्याने मरतील, तात्या."

"मी जगवली न्हाईत व्हय जनावरं आजवर?"

"मामा," रेश्मा चहाचे कप घेऊन बाहेर आली, "तिसऱ्या भागावर तोडा आता. चहा गार होतोय."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. पिशवी दाराशी टेकवली. "आन पानी कंचं?"

"ही बादली. शिळं," करण म्हणाला, आणि पुढच्या वादाची वाट पाहू लागला.

तात्या बादलीवर वाकले. ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं. "वास गेला खरा. कधी भरली?"

"परवा."

"आन ही बिनझाकनाची? डास अंडी घालत्याल. वर फडकं कोन बांधनार? आन ही वापरली की फुडल्या खेपेला काय? दुसरी कुठंय?"

"दुसरी नाही."

"एका बादलीवर जनावर धरतोस?" तात्या बाह्या वर करत म्हणाले. "नळ चुकला म्हंजी? पोरी, ते पाठीमागचं पिंप मोकळं कर. जुनं आदी वापरायचं, नवं मागं ठिवायचं. याला ठावंच न्हाई कायी."

त्यांनी प्लास्टिकचा मग टाकीत बुडवला. वाळू उसळली, पाणी ढवळलं, पिल्लं सैरावैरा झाली. करणचा हात पुढे आला. रेश्माने त्यात चहाचा कप ठेवला.

तिसरा भाग कधीच ओलांडला गेला असं करणला वाटत होतं. तो काचेवरच्या पाण्याच्या रेषेकडे बघत चहा पीत राहिला. तात्या पाणी ओतत होते, सावकाश नाही, पण पूर्वीइतकं धडाधडही नाही.

दुपारची सोनईची एसटी गेली. संध्याकाळी आणखी एक असते, हे तिघांनाही माहीत होतं. पिशवी अजून दाराशीच होती, आणि टाकीतलं पाणी अजून निवळलं नव्हतं.