माझ्यावर ओतलेलं पाणी

मी एका खोऱ्याची प्रतिकृती बोलतेय. खाली लाकडी फळी, तिच्यावर पुठ्ठ्याचे थर, वर प्लास्टर. नगररचना कार्यालयातल्या नियोजनकार बाईंनी मला घडवलं. डोंगर, नदी, शेतं, मधली पाणथळ, सगळं मापात.

रंगवायला त्यांचे वडील यायचे.

"बाबा, पाणथळ जरा काळपट करा."

"अगं, काळी केली तर लोक म्हणतील घाण आहे, भरून टाका!"

भीती खरीच होती. गावाची नवी वसाहत त्याच पाणथळीवर भराव घालून व्हायची होती. सभेच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "जागा सपाट, रस्ता जवळ. आणखी काय हवं?"

बाईंनी पाणथळ भरू नका म्हणताच भाड्याच्या खोलीत राहणारी एक नर्स उठली. "बाई, आम्हाला घर पाहिजे. बेडकांचं नंतर बघा."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी लाकडाची चिमुकली घरं पाणथळीवर मांडली आणि पाण्याचा जग उचलून माझ्या डोंगरावर ओतला.

मी शहारले. महिनोन्‌महिने मला जपणाऱ्या हातांनीच भिजवलं! पाणी नदीतून धावलं, पाणथळीत पसरलं आणि घरं तरंगू लागली. लोक टेबलाभोवती गोळा झाले.

नर्सने एक ओलं घर उचललं. "मग आम्ही राहायचं कुठे?"

"या उतारावर. जमीन खडकाळ आहे, शेतीच्या कामाची नाही. पाणथळ मोकळी राहिली तर पूर तिथेच जिरेल."

"आणि बस? ती तिकडे कुठे येते?"

"आधी बस, मग घरं. तसा ठरावच करू."

अध्यक्ष कुरकुरले, "खर्च वाढेल."

"वाढू दे," नर्स म्हणाली. "दरवर्षी पुरात पोरांना घेऊन पलंगावर चढून बसण्यापेक्षा बरं!"

लोक हसले. हात वर झाले. ठराव झाला.

माझे मात्र पोपडे निघाले, पुठ्ठा फुगला. बाबा हळहळले, "पोर वाया गेली गं तुझी."

"वाया कुठे, बाबा? कामी आली!"

आता मी कार्यालयाच्या खिडकीत असते. परवा नर्स आली होती. "उतारावरच्या नव्या घरातून पाणथळ दिसते. बगळे उतरलेत," म्हणाली. "बस मात्र कधी वेळेवर येईल तर शपथ!"

घरं बांधा, रस्ते काढा, माझी ना नाही. फक्त कागदावर रेघ ओढण्याआधी पाण्याला त्याची वाट विचारा.

शेजारच्या टेबलावर दुसऱ्या खोऱ्याची प्रतिकृती आकार घेतेय, माझी धाकटी बहीणच म्हणा. तिला बाबा पाणी सोसणारा रंग लावतायत.