सगळ्यांना चालणारे पाणी

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. पण न्हाणीघरातला नव्हे. माझ्या पाण्याने कधी कुणी अंघोळ केली नाही. माझे पाणी चहाचे. अमेरिकेत एका मोठ्या सरोवराच्या काठी ज्यू लोकांचे जुने सिनेगॉग आहे, म्हणजे त्यांचे प्रार्थनेचे घर. त्याच्या तळघरातल्या मोठ्या खोलीत माझे आयुष्य गेले. सत्तर वर्षे झाली. इतकी वर्षे वाफेत काढल्यावर डोळ्यांनी काय पाहिले आणि स्वप्नात काय दिसले, याचा थोडा घोळ होतो. पण आता सांगतो ते सारे घडलेले आहे.

मला मेंडेल ब्लेखर नावाच्या तांबटाने घडवले. त्याला कमी ऐकू यायचे, म्हणून तो प्रत्येक ठोक्यानंतर माझ्या अंगावर तळवा ठेवून थरथर तपासायचा. बाहेरून तांबे, आतून कल्हई, पोटात विजेचे वेटोळे, खाली पितळी नळ. सव्वाशे पेले पाणी माझ्यात सहज मावते.

ज्यूंमध्ये भांड्यांचे सोवळे मोठे कडक. मांसाचे भांडे वेगळे, दुधाचे वेगळे. एकदा चूक झाली की भांडे बाद. मी आलो त्या दिवशी तिथल्या स्वयंपाकघराचा कारभार पाहणाऱ्या बास्या लिप्स्कीने माझ्या झाकणावर हात ठेवून सगळ्यांना बजावले, "ह्याच्यात पाण्याशिवाय काही पडायचं नाही. मग हा कुणालाही चालेल."

बास्याची मुलगी फ्रुमा तेव्हा बारा वर्षांची होती. तिची मैत्रीण नॉर्मा एडेलस्टाइन, तीही बाराचीच. दर गुरुवारी शाळेतून आल्यावर दोघी लिंबू आणि मीठ घेऊन मला घासायच्या. माझ्या फुगीर पोटात त्यांना आपली तोंडे भोपळ्यासारखी दिसायची आणि त्या हसून हसून जमिनीवर बसायच्या. माझे अंग मग सूर्यास्ताच्या रंगाचे व्हायचे.

शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, बटणही दाबायचे नाही. म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्याआधीच मला सुरू करून ठेवत. मग शनिवारभर मी मंद गुणगुणत असे. वरच्या मजल्यावरून प्रार्थनेचे सूर झिरपत खाली येत, खिडकीच्या काचेवर वाफ धरे, आणि त्या वाफेपलीकडे बर्फ पडते आहे की सरोवरावरचे धुके आत आले आहे, हे मला कधीच नीट कळले नाही. तो माझ्या सुखाचा काळ होता.

फ्रुमा आणि नॉर्मा सत्तावीस वर्षांच्या झाल्या त्या साली सिनेगॉगमध्ये भांडण झाले. बायकांनी आणि पुरुषांनी प्रार्थनेला एकत्र बसावे की वेगळे, यावरून. निम्मी माणसे उठून गेली आणि त्यांनी टेकडीवर आपले नवे सिनेगॉग बांधले. नॉर्मा टेकडीवर गेली. फ्रुमा खालीच राहिली. शेवटच्या दिवशी दोघी माझ्यासमोर उभ्या होत्या. फ्रुमा म्हणाली, "जातेस तर जा. पण परत चहाला येऊ नकोस." हे वाक्य तिने रागात टाकले होते. नॉर्माने ते झेलले आणि खरेच चहाला आली नाही. वर्षामागून वर्षे गेली. गावात त्या समोरासमोर आल्या की दोघींपैकी एक रस्ता ओलांडायची.

नव्याने येणाऱ्या निर्वासितांना घर आणि काम शोधून देणारे ज्यूंचे एक मदत मंडळही गावात होते. पुढे त्याचेही दोन्हीकडच्या लोकांशी बिनसले. अशा तीन संस्था, एकाच लहानशा वस्तीत, एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मात्र सगळ्यांना आमच्या तळघरात यावेच लागे. कारण वस्तीचे मतदान केंद्र आमच्याच खोलीत होते. टेकडीवाले यायचे, समोरच्या चर्चमधली काळी कुटुंबे यायची, गोदीतले कामगार यायचे. मी कोपऱ्यात वाफाळत उभा असे. थंडीने गारठलेले हात पेल्याभोवती वेटोळे घालत. बोलणे फारसे होत नसे, पण पाणी सगळे माझेच पीत. नॉर्मा तेवढी मत देऊन तशीच परत जाई.

त्या रांगेत एके वर्षी येफिम रेझ्निकोव्ह आला. समुद्राकाठच्या ओडेसा शहरातून आलेला निर्वासित, घड्याळजी, नुकताच या देशाचा नागरिक झालेला. लग्नाचा सूट घालून आला होता. पडद्याआड गेला तो बराच वेळ बाहेर येईना. केंद्रातल्या बाईंनी काळजीने विचारले, काही अडचण आहे का. आतून उत्तर आले, "अडचण नाही. नावं फार आहेत. सगळी वाचतोय."

दर निवडणुकीला तो तसाच यायचा. सूट, टाय, आणि निवांत वाचन. रांगेतले लोक कुरकुरत, पण त्याच्या पाठोपाठ उभ्या राहणाऱ्या चर्चच्या ओडेसा पेटवेबाई कुणाला बोलू देत नसत. त्यांचे नाव ऐकून येफिम पहिल्याच वर्षी थक्क झाला होता. "बाई, तुमचं नाव म्हणजे माझं गाव आहे," तो म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या, "मग गावाकडं तोंड करून उभे राहा, आणि रांग पुढं सरकली की पुढं सरका."

मित्रांनो, मग माझे दिवस फिरले. कुणीतरी स्टीलचे चकचकीत यंत्र आणले. कॉफी, दूधवाला कोको, सूप, सगळे त्यात व्हायचे. मला जिन्याखालच्या कपाटात ठेवले. अंधारात माझ्या अंगावर हिरवी पुटे चढली. वरून प्रार्थनेचे सूर येत, पण ते दरवर्षी पातळ होत गेले. गाणारी माणसेच कमी झाली होती. मी झोपत असे आणि स्वप्नात दोन मुलींची भोपळ्यासारखी तोंडे पाहत असे.

एका उन्हाळ्यात कपाटाबाहेर फ्रुमाचा आवाज ऐकू आला. ती आता ब्याऐंशी वर्षांची होती. कुणाला तरी पत्र वाचून दाखवत होती. निवडणूक कचेरीचे पत्र होते. या केंद्रावर बसणारी माणसे म्हातारी होऊन गळाली आहेत. ऑगस्ट संपेपर्यंत सोळा माणसे तयार झाली नाहीत, तिथल्या नियमाप्रमाणे दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची आठ आणि दुसऱ्याची आठ, तर केंद्र बंद. मग सगळ्यांनी महामार्गापलीकडच्या क्रीडागृहात जायचे. तिकडे दोन बस बदलाव्या लागत आणि शेवटचा मैल पायी.

ऐकणाऱ्या होत्या पेटवेबाई. त्यांनी विचारले, "तुझ्याकडं किती आहेत?"

"चार. त्यातल्या एकाला दिसत नाही."

"माझ्याकडं सहा आहेत. म्हणजे दहा. उरलेली टेकडीवर आहेत, फ्रुमा."

फ्रुमाने सांगितले की टेकडीशी तिचे बोलणे नाही. पेटवेबाई हसल्या असाव्यात. "अगं, बोलायला कुठं बोलवायचंय? बसायला बोलवायचंय."

फ्रुमाने स्वतः बोलावले नाही, पेटवेबाईंना बोलवू दिले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी तळघरात खुर्च्यांचे आवाज झाले. खालचे, टेकडीवरचे, मदत मंडळाचे आणि चर्चचे, असे सगळे आले. आल्याआल्याच पंचाईत झाली. टेकडीवाल्यांनी केक आणला होता, तो खालच्यांच्या सोवळ्यात बसेना. खालच्यांनी चहा करावा तर स्टीलच्या यंत्रात कोको आणि सूप सगळे एक झालेले, ते कुणालाच चालेना. पाहुणे बसलेले आणि घोटभर काही देता येईना.

तेव्हा एक बाई म्हणाली, "तो बंब कुठंय?"

आवाज चिरका झाला होता, पण मी ओळखला. नॉर्मा होती ती. पंचावन्न वर्षांनी फ्रुमाला उद्देशून तिने उच्चारलेले हे पहिले शब्द.

मग फ्रुमा म्हणाली, "जिन्याखाली."

कपाट उघडले. उजेड माझ्या अंगावर पडला आणि मला वाटले, हे पुन्हा स्वप्नच. दोन म्हाताऱ्यांनी मला बाहेर ओढले. माझी हिरवी दशा पाहून नॉर्मा म्हणाली, "काय अवकळा केलीस गं ह्याची." फ्रुमा म्हणाली, "लिंबू कापायला हात आहेत का तुला, की नुसतं तोंडच?" आणि त्या घासायला बसल्या. बाकीची मंडळी पाहत होती. येफिमने खिशातल्या घड्याळजीच्या पेचकसाने माझा नळ आवळला. तासाभराने मी गुणगुणू लागलो.

चहा झाला, आणि लगेच वादाला सुरुवात झाली. टेकडीवरच्या एका वकिलाचे म्हणणे, लोकशाही धोक्यात आहे असे मोठे निवेदन वर्तमानपत्रात द्यावे. खालचे रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, म्हणाले, प्रार्थनेच्या घरात राजकारण नको. मदत मंडळाच्या बाईंना दोन्हींत रस नव्हता. त्यांना म्हाताऱ्यांसाठी गाड्या हव्या होत्या. आवाज चढले. एकजण टोपी उचलून निघालासुद्धा. मला वाटले, आता पुन्हा कपाट.

मग येफिम उठला. नव्वदीचा झाला होता तो. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"आमच्याकडं मतदान सोपं होतं," तो म्हणाला. "कागदावर एकच नाव. वाचायचंही नाही, पेटीत टाकायचा. त्या दिवशी केंद्रावर सॉसेज विकायला ठेवत, एरवी मिळत नसे, म्हणून आम्ही पहाटेच रांग लावायचो. इथं सॉसेज नाही. नुसतं गरम पाणी. पण नावं खूप." त्याने आपल्या पायांकडे पाहिले. "दोन बस बदलून जाईन, असं सांगायला मी आलो होतो. पण खोटं कशाला बोलू? मी जाणार नाही. माझे पाय जाणार नाहीत. आणि एकदा मी नाही आलो, की पुढच्या वेळी येफिम का आला नाही, असं कुणी विचारणारही नाही."

तो बसला. निघालेल्या माणसाने टोपी परत खुंटीला अडकवली.

निवेदन त्या दिवशी बाजूला पडले आणि कामाची वाटणी झाली. घरोघर जाऊन मतदारयादीत नावे घालायची होती. शनिवारी शब्बाथमुळे खालच्यांना जमेना, ते टेकडीवाल्यांनी घेतले. रविवारी सकाळी चर्चवाल्यांना जमेना, ते खालच्यांनी घेतले. मदत मंडळाने गाड्यांची यादी केली. कुणाला मत द्या, हे कुणी कुणाला सांगायचे नाही, एवढा एकच नियम ठरला. नॉर्मा वही घेऊन बसली, कारण तिचे अक्षर चांगले होते. फ्रुमा माझ्यापाशी उभी राहिली.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी नॉर्माने वही मिटली आणि डोके धरले. माणसे सोळा झाली होती, पण एका पक्षाची नऊ आणि दुसऱ्याची सातच. दुसऱ्या पक्षाचे एक माणूस दुपारपर्यंत मिळाले नाही तर सगळी धडपड पाण्यात. वस्तीतली सगळी नावे तिने पालथी घातली होती.

फ्रुमा पेले पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझं घाल."

"तुझं?" नॉर्माने मान वर केली. "तू आमच्याच पक्षाची ना?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणेल कशाला, मला माहीत... किती वर्षं?"

"पहिल्या मतापासून. तू विचारलंस कधी? पंचावन्न वर्षं तर बोलतच नव्हतीस."

नॉर्माला हसू फुटले. फ्रुमाही हसू लागली. दोघी इतक्या हसल्या की पुन्हा जमिनीवर बसता आले असते तर बसल्या असत्या. पण गुडघे 'नाही' म्हणाले.

केंद्र राहिले. नोव्हेंबरातला तो मंगळवार मला धुरकट चांदीच्या रंगात आठवतो. बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता. नियमाप्रमाणे प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांचे एकेक माणूस बसवले होते. पहिल्या टेबलावर फ्रुमा आणि नॉर्मा. एक नाव शोधायची, दुसरी तपासायची. दुपारी एका तरुण मतदाराचा पत्ता जुळेना. नॉर्मा म्हणाली जाऊ दे त्याला आत, फ्रुमा म्हणाली आधी कागद बघू. दोघी कुजबुजत भांडल्या, नियमांची पुस्तिका उघडली, आणि त्याला योग्य तो अर्ज देऊन त्याचे मत घेतले. येफिम पेटवेबाईंच्या गाडीतून आला. त्याच्या मागे रांग खोळंबली आणि कुणीही कुरकुरले नाही. कोण जिंकले, ते मला ठाऊक नाही. बंबाला ते कुणी सांगत नाही. मी त्या दिवशी सात वेळा भरला गेलो, एवढे मात्र पक्के.

जानेवारीत फ्रुमा गेली. झोपेतच गेली. दफनाच्या वेळी नॉर्माने त्यांच्या रिवाजाप्रमाणे फावडे उलटे धरून पहिली माती लोटली, आणि तिथून सरळ तळघरात येऊन माझ्याजवळ बसली. त्या दिवशी मी गार होतो. तिने मला सुरू केले नाही. माझ्या पोटावर नुसता हात ठेवून बसली.

वसंतात शाळांच्या मंडळाची छोटी निवडणूक आली. अशा निवडणुकीला कोण येते? दिवसभरात एकेचाळीस माणसे आली. पण सोळाच्या सोळा खुर्च्या भरलेल्या होत्या. नॉर्माच्या शेजारी, दुसऱ्या पक्षाच्या जागेवर, सरोवराकाठच्या नव्या घरांतली एक अनोळखी बाई आली होती. हातातल्या पुस्तिकेत डोके खुपसून, अंग चोरून बसली होती. नॉर्माने उठून माझ्यातून दोन पेले भरले. एक तिच्यापुढे सरकवला.

"पक्ष कोणता ते कागदावर आहेच," ती म्हणाली. "तुमचं नाव सांगा. आणि मुलं किती, राहता कुठं, तेही सांगा. सगळं सांगा. दिवस मोठा आहे."

मित्रांनो, आता मी एका जागी राहत नाही. महिनाभर टेकडीवर, महिनाभर चर्चमध्ये, महिनाभर खाली, असा फिरतो. दगदगीने माझे काही बिघडले नाही; बिघडलो होतो तो बंद कपाटात. तुमच्याही गावात अशी एखादी खोली असेल, जिथे खुर्च्या मांडायला माणसे कमी पडत असतील. तिथे जा. दोन खुर्च्या मांडा. एकीवर तुम्ही बसा, आणि दुसरीवर जो कुणी येऊन बसेल, त्याची चौकशी करायला उशीर लावू नका.