चिकटपट्टी लावलेलं दार

मारित विमा कंपनीत दावे तपासायचं काम करते. छप्पर वादळाने उडालं की आधीच कुजलेलं होतं, घरात पाणी पाइप फुटून शिरलं की कोणी नळ उघडा टाकला होता, हे माणसांच्या बोलण्यावरून ओळखायचं, हा तिचा रोजचा धंदा. नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरातल्या आमच्या गल्लीत तिला थाप मारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तिचा नवरा वीबे तर मुळीच नाही. तो जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवतो, आणि मनातलं सगळं त्याच्या तोंडावर दिसतं.

दोन वर्षांपूर्वी मारितची आई, गेस्के, स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, जिना चढणं बंद झालं. मग मारित आणि वीबे आपलं भाड्याचं घर सोडून तिच्या घरी राहायला आले आणि रस्त्याकडची खालची खोली तिला झोपायला द्यायचं ठरलं. त्या खोलीत गालिचा होता, गालिच्याखाली पिवळट विनाइल, आणि त्याच्याही खाली ओकच्या पट्ट्यांची जमीन. नवी नवरी म्हणून आली तेव्हा गेस्के गुडघ्यांवर बसून त्या पट्ट्यांना मेण लावायची. पुढे सत्तरच्या दशकात घरोघरी विनाइल आलं, तसं तिच्या नवऱ्यानेही आणलं आणि भरपूर गोंद लावून चिकटवलं. आता नवरा राहिला नव्हता, आणि म्हातारीला आपली जमीन एकदा पुन्हा बघायची होती. वीबेने सुट्टीच्या आठवड्यासाठी जमीन घासायचं मोठं मशीन भाड्याने सांगून ठेवलं.

कोपऱ्यातलं विनाइल उचलून पाहिलं, तर वरचा थर सालीसारखा सुटला आणि खालचा राखाडी, पुठ्ठ्यासारखा थर लाकडाला तसाच चिकटून राहिला. मारितने वीबेला तिथेच थांबवलं. त्या काळच्या विनाइलच्या पाठीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ श्वासात गेली तर पुढे कर्करोग होऊ शकतो, असे दावे तिने पाहिले होते. तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही आणि घासायचं तर नावही काढायचं नाही, असं तिने दोघांनाही बजावलं. वीबेने एक तुकडा ओला करून कापला, दुहेरी पिशवीत बंद केला आणि प्रयोगशाळेत पाठवला. मग मारित ऑफिसच्या कामासाठी काही दिवस उट्रेख्त शहरात गेली.

परत आली तेव्हा रस्त्याकडच्या त्या पुढच्या खोलीचं दार बंद होतं आणि फटीवर चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी होती. लाकडाचा वास घरभर नको म्हणून, असं वीबे म्हणाला. पण काम सुरूच झालं नव्हतं, तर वास कसला? तिने तेव्हा विचारलं नाही. ती नुसतं बघत राहिली. आईचे केस नुकतेच धुतलेले होते, आणि गेस्के शनिवारशिवाय केस धुवत नाही. पुढच्या खोलीचे पडदे रस्त्यावरून दिसेनासे झाले होते. वीबेचा हिरवा स्वेटर, जो टाकून दे म्हणून ती कित्येक वर्षं मागे लागली होती, तो खुंटीवर नव्हता.

रात्रीच्या जेवणात वीबेने बटाटे आणि पालेभाजी कुस्करून केलेला स्टाम्पपॉट होता. जेवता जेवता तो सहज बोलल्यासारखं बोलला की मशीन रद्द केलंय, आता पुढच्या उन्हाळ्यात बघू. तपासणीचं काय झालं असं तिने विचारलं, तर अजून कळलं नाही म्हणाला. हे सांगताना त्याने बशीतून मान वर केली नाही. गेस्केने लगेच मीठ मागितलं. मीठ तिच्या हाताशीच होतं.

दुसऱ्या दिवशी मारितने ऑफिसात करते तेच केलं. दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. व्हॅक्यूम क्लीनर कुठे गेला? वीबे म्हणाला, मोटर जळली, टाकून दिला. आई म्हणाली, शेजारणीने नेलाय.

तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ती खोलीत शिरली की दोघं बोलायचे थांबत. एकदा तर वीबे आईच्या खुर्चीशी उकिडवा बसला होता आणि आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तिला वाटलं, आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय आणि आपल्याला शेवटी सांगणार आहेत. मग वाटलं, घर विकायला काढलंय, म्हणून जमिनीचं काम नको. नाहीतर वीबेला काहीतरी झालंय. घरातल्या दोन माणसांनी आपल्याविरुद्ध मिळून एक गोष्ट लपवावी, हे तिला कुठल्याही खऱ्या कारणापेक्षा जास्त झोंबत होतं. ती रात्रभर त्याच्याकडे पाठ करून जागी राहायची.

चार दिवस तिने हे सहन केलं. पाचव्या दिवशी कामावरून लवकर आली, कोटसुद्धा न काढता थेट त्या दारापाशी गेली आणि चिकटपट्टीचं टोक नखाने उचलू लागली. वीबे स्वयंपाकघरातून धावत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट त्याने तिला कधी धरलं नव्हतं.

"हात लावू नकोस."

"का? आत काय आहे?"

मागून काठीचा आवाज आला. गेस्के मागच्या खोलीच्या दारात उभी होती.

"सोड तिला, वीबे," ती म्हणाली. "मी सांगते. मारित, चूक माझी आहे. मीच त्याच्या मागे लागले. म्हटलं, हातभर जागा तर घास, मला लाकडाचा रंग बघू दे. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, बायकोला एवढा घाबरतोस?"

मारित उट्रेख्तला असतानाची ती दुपार. वीबेने आपलं घासायचं छोटं हातमशीन आणलं होतं. गेस्के शेजारीच खुर्चीत बसली होती. राखाडी भुकटी उडाली, खाली सोनेरी ओक दिसू लागला, आणि म्हातारी टाळ्या पिटत होती. मग वीबेने ती भुकटी व्हॅक्यूम क्लीनरने ओढली. साध्या व्हॅक्यूमने असली धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत जाते, हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. ॲस्बेस्टॉस होतं, आणि भरपूर होतं.

"मी आईंना अंघोळ घातली," वीबे म्हणाला. "कपडे, पडदे, व्हॅक्यूम, सगळं पिशव्यांत बांधून आत ठेवलंय. साफ करणारी माणसं सोमवारी येणार आहेत. तुला तेवढे दिवस मैत्रिणीकडे धाडायचा विचार होता."

"मी पाच दिवस इथे श्वास घेतेय, वीबे."



"त्याच्यावर रागावू नकोस," गेस्के म्हणाली. "तुला सांगायचं नाही अशी मीच शपथ घातली होती त्याला. आणि माझी काळजी सोड. तीस-चाळीस वर्षं लागतात म्हणे त्या रोगाला. मी तेव्हा सव्वाशेची असेन."

"आणि वीबे किती वर्षांचा असेल, आई?"

म्हातारी जवळच्या खुर्चीत बसली आणि रडू लागली. वडिलांच्या दफनालाही मारितने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळीच मारितने तिघांना घराबाहेर काढलं. तळ्याकाठच्या कॅम्पिंगच्या जागेवर, हंगाम संपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या एका लाकडी खोलीत ते राहिले. पहिले काही दिवस ती वीबेशी फक्त कॉफी हवी का एवढंच बोलत होती. पांढरे पोशाख आणि मुखवटे घातलेली माणसं आली, त्यांनी खोली प्लॅस्टिकने बंद करून तो थर ओला करत खरवडला. गालिचा, सोफा, आणि वडिलांची खुर्चीसुद्धा गेली. खुर्ची नेताना मारित रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. घरातली हवा तपासून झाली तेव्हाच त्यांना आत येऊ दिलं. डॉक्टर म्हणाले, एका दुपारचा संपर्क म्हणजे धोका फार थोडा, पण शून्य नाही. आज तपासून काही दिसणार नाही आणि घ्यायला औषधही नाही.

जमीन नंतर एका कारागिराने घासली आणि तेल लावलं. खिडकीपाशी ती मधासारखी दिसते. गेस्केचा पलंग तिथेच आहे. पण तिने त्या जमिनीचं कौतुक केलेलं मी अजून ऐकलेलं नाही. वीबे आणि मारित पुन्हा पूर्वीसारखे बोलतात, बहुतेक वेळा. तलावातल्या क्लोरीनने त्याला खोकला येतो. तो खोकला की ती हातातलं काम थांबवते आणि दुसरा खोकला येतो का ते ऐकते.

गेल्या वसंतात आमच्या समोर एक तरुण जोडपं राहायला आलं. एका सकाळी त्यांच्या दारासमोर विनाइलच्या सुरळ्या पडल्या होत्या आणि आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मारित घरातल्या चपलांतच रस्ता ओलांडून गेली आणि दार उघडेपर्यंत घंटा दाबून उभी राहिली. तो पोरगा आधी तिच्याकडेच संशयाने बघत होता, ही कोण बाई सकाळी सकाळी. तिने त्याला पहिल्यांदा मशीन बंद करायला लावलं, आणि मग आपलं नाव सांगितलं.