एकेचाळीस व्हॉल्व्ह

सत्तावन्नाव्या वर्षी कॉलेजात जायचं म्हटल्यावर माणसाला हसू येईल नाहीतर रडू. चावीकाकांना दोन्ही आलं. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि खालचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं किंवा बंद करायचं. कुठला व्हॉल्व्ह कुठे, ते फक्त त्यांनाच ठाऊक. खात्याकडे कागद होते, पण त्यातले निम्मे उंदरांनी वाचले होते आणि उरलेले कुणीच नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला आणि तिथली एकेचाळीस झाकणं त्याखाली गडप झाली.

"तुम्ही निवृत्त झालात की आमचा नकाशाच घरी जाणार," साहेब म्हणाले, आणि त्यांनी काकांचं नाव नकाशाशास्त्राच्या वर्षभराच्या वर्गात घालून टाकलं. काका नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत साहेबांची सहीसुद्धा झाली होती.

वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी काका दारात उभे राहिले तेव्हा त्यांना शिपाई समजून एकाने खडू मागितला. काकांनी आणून दिला आणि मग मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी एक मुलगी होती, अखंड बडबड करणारी. सगळे तिला चिमणी म्हणत. तिने एकदा खडूकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि पोट धरून हसली. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या, पण शिकवायला बसल्या की कुणाची गय नाही. पहिला महिना त्यांनी संगणकाला हातच लावू दिला नाही. आपापलं स्वयंपाकघर फूटपट्टीने मोजा आणि प्रमाणात काढा, म्हणाल्या. काकांनी इतकं बारकाईने काढलं की बायकोने तो कागद फ्रिजवर चिकटवला. मग अक्षांश-रेखांश आले. मग उपग्रह. आकाशातले चार उपग्रह एकाच वेळी दिसले की तुम्ही कुठे आहात ते कळतं, आणि कॉलेजच्या गच्चीवर दुसरं यंत्र ठेवून त्याच्याशी ताळा जुळवला की चूक दोन सेंटिमीटरच्या आत येते, हे ऐकून काकांनी तोंडात बोटं घातली. दोन सेंटिमीटर! त्यांच्या साहेबाला तर आपलं टेबल कुठल्या मजल्यावर आहे याचाही नीट पत्ता नसे.

माउसने मात्र काकांचा जीव काढला. बाण इकडे न्यावा तर तिकडे पळे. चिमणी रोज तासभर थांबायची. "काका, दाबू नका हो, नुसतं टिचकी मारल्यासारखं करा. चावी नाहीये ती!" पोरीच्या घरी वाट बघणारी माणसं असतील, तिचा अभ्यास असेल, पण तिने कधी घड्याळ बघितलं नाही. काका मनातल्या मनात रोज तिला आशीर्वाद द्यायचे. तोंडाने दिला असता तर ती हसली असती.

वर्ष संपत आलं आणि खात्याने कळवलं की मोठा रस्ता काँक्रीटचा होणार. सोमवारी काम सुरू. त्याआधी एकेचाळीस व्हॉल्व्हच्या जागा कापून झाकणं वर घ्यायची, नाहीतर ती कायमची गाडली जाणार. मग एखादी वाहिनी फुटली की अर्ध्या शहराचं पाणी तोडण्यावाचून इलाज नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, हाच तुमचा परीक्षेचा नकाशा."

काका यंत्राचा खांब घेऊन रस्त्यावर फिरले. डांबराखालचं काही दिसत नव्हतं, पण त्यांना गरज कुठे होती? शिंप्याच्या दुकानाची तिसरी पायरी उजव्या खांद्याच्या रेषेत आली, समोर दवाखान्याच्या पाटीचं पहिलं अक्षर विजेच्या खांबाआड गेलं, की झाला व्हॉल्व्ह. तिथे खांब टेकायचा, त्यावरचा बुडबुडा मधोमध आणायचा आणि बटण दाबायचं. तीन दिवसांत एकेचाळीस बिंदू झाले. संगणकावर नकाशा उमटला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी ठेकेदाराच्या माणसांनी पहिली जागा कापली. शेजारून जमिनीखाली विजेच्या तारा जात होत्या म्हणून एक फूट लांब, एक फूट रुंद, एवढंच कापायची परवानगी. खाली माती. दुसरी जागा कापली, तिथेही माती. तिसरीतही तेच. मुकादमाने काकांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी हात वर करून काम थांबवलं.

शुक्रवारी मॅडमनी यंत्र तपासलं. गच्चीवर पितळेची एक खूण ठोकलेली होती, जिची जागा आधीपासून पक्की माहीत होती. यंत्र तिच्यावर धरलं तर फरक दीड सेंटिमीटर. म्हणजे यंत्र चोख होतं.

यंत्र बरोबर, तर चुकलं कोण? काकांचा थोरला भाऊ साठीत असताना असाच एकदा स्वतःच्या गल्लीत हरवला होता, आणि पुढच्या तीन वर्षांत बायकोलाही ओळखेनासा झाला. काकांनी त्याला भरवलेलं होतं. आता आपली पाळी, हे त्यांच्या मनाने घेतलं. ते मॅडमना म्हणाले, "नकाशा मागे घेतो. माझं डोकंच आता भरवशाचं राहिलं नाही."

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणाली असती. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "काका, वर्षभर मी तुम्हाला शिकवलंय. तुमचं डोकं कसं आहे ते मला विचारा. उद्या चावी घेऊन या."

शनिवारी सकाळी त्यांनी काकांना मागच्या गल्लीत नेलं. तिथे डांबर जुनं होतं आणि एक झाकण उघड्यावर होतं. चिमणी खांब घेऊन सोबत. साहेबांची परवानगी आधीच घेतलेली होती. मॅडम म्हणाल्या, "मला व्हॉल्व्ह दाखवू नका. उघडून दाखवा."

यात काय दाखवायचं? काकांनी झाकण उचललं, चावी आत घातली, एक पाऊल मागे घेतलं, दोन्ही हातांनी आडवा दांडा धरला आणि फिरवला.

"थांबा! हलू नका!" चिमणी किंचाळली. "काका, मोठ्या रस्त्यावर तुम्ही खांब कुठे टेकवलात?"

"व्हॉल्व्हवर. म्हणजे..." काकांनी खाली पाहिलं. "माझ्या पायाशी."

"आणि व्हॉल्व्ह कुठे आहे?"

व्हॉल्व्ह पुढे होता, चांगला अडीच फूट. तीस वर्षं ते झाकणाच्या मागे एक पाऊल उभे राहत आले होते, गाड्या अंगावर येताना दिसाव्यात म्हणून त्यांच्याकडे तोंड करून. शिंप्याची पायरी, दवाखान्याची पाटी, सगळ्या खुणा तिथून दिसलेल्या. त्यांना व्हॉल्व्ह म्हणून जी जागा पाठ होती, ती त्यांची स्वतःची उभं राहायची जागा होती. त्यांनी एकेचाळीस वेळा स्वतःलाच नकाशावर काढलं होतं.

मॅडम रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. "अहो, तुम्ही काही विसरला नाहीत. एकही जागा विसरला नाहीत."

मग दुपारपर्यंत मोठ्या रस्त्यावर वरात चालली. प्रत्येक जागी काका नेहमीसारखे उभे राहत, चावी नेहमीसारखी पुढे टेकवत, आणि चावीच्या टोकाशी चिमणी खांब धरी. चौकात गाड्या दोन्हीकडून येत, तिथे काका क्षणभर थांबत, अंग इकडे-तिकडे वळवून बघत आणि ठामपणे सांगत, "इकडे तोंड." एकेचाळीस बिंदू पुन्हा झाले. मुकादमाने नाक मुरडतच पहिली जागा कापली. फूटभर खाली पहार ठण्णकन वाजली. काकांचा जीव भांड्यात पडला. मग चार टोळ्या एकदम कामाला लागल्या, संध्याकाळपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस झाकणं सापडली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर काकांचा हात हातात घेतला. त्या गडबडीत मॅडम आणि चिमणी कधी निघून गेल्या, ते काकांना कळलंच नाही.

घरी बायकोने दार उघडलं. दोन दिवस तिने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं.

"सापडले," काका म्हणाले. "सगळेच्या सगळे. माझं डोकं ठीक आहे गं. यंत्र चुकीच्या जागी टेकवत होतो, एवढंच."

तिने स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या डब्यामागून एक घडी केलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "गुरुवारी तुम्ही न जेवता झोपलात ना, तेव्हा मी जाऊबाईंना फोन केला होता. भाऊजींचं सुरुवातीला काय काय व्हायचं, ते विचारून लिहून घेतलं. आता फाडून टाका."

काकांनी कागद उघडला. तिच्या गोल अक्षरात पहिलीच ओळ होती: नेहमीच्या जागा चुकतात. त्याखाली आणखी अकरा ओळी होत्या, आणि सगळ्यात शेवटी, 'आपण चिडायचं नाही'.

त्यांनी कागद फाडला नाही, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि मॅडमना फोन लावला. पलीकडून "बोला काका" आलं, आणि काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बायकोने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मॅडम, मी त्यांची बायको बोलतेय. त्यांना तुमचे आणि त्या मुलीचे आभार मानायचे आहेत. पण जरा थांबा, ते रडतायत."