दोन तिरप्या रेघा

प्रोग्रॅमिंगच्या मासिकात सदर लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. घरातल्या प्रत्येक अडचणीत त्याला पुढच्या महिन्याचा लेख दिसतो. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा आमच्या या सदरलेखकानेही तेच केलं. त्यांच्या उशाशी एक बटण बसवलं. ते दाबलं की पलीकडच्या खोलीत त्याच्या संगणकावर घंटा वाजायची, आणि ती वाजवणारा चिमुकला प्रोग्रॅम त्याने लगोलग लेखालाही जुंपला. म्हातारा मोठा मिश्कील. पाणी हवं असो नसो, बटण दाबायचा आणि मुलगा धावत आला की म्हणायचा, "काही नाही रे, चालतंय का बघत होतो." पुढे पुढे मुलगा जागेवरूनच ओरडायला लागला, "एक मिनिट, बाबा."

लेखासाठी पडद्याची चित्रं घ्यायची होती त्या दुपारी घंटेने नुसता उच्छाद मांडला. तेव्हा त्याने सगळेच प्रोग्रॅमर करतात ते केलं, घंटा वाजवणाऱ्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा ओढल्या. अशा ओळीला संगणक हात लावत नाही, ती असून नसल्यासारखी होते. काम झालं की रेघा पुसायच्या. पण काम रंगलं आणि रेघा राहून गेल्या. संध्याकाळी तो आत गेला तेव्हा वडील गेलेले होते. त्यांचा अंगठा बटणावर होता. त्याने तो हात उचलून पांघरुणावर ठेवला आणि मग बायकोला हाक मारली.

"झोपेतच गेले हो," ती डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर घंटा वाजवली असती."

तो "हो" म्हणाला. त्या एका शब्दाने त्याला पुरतं पोखरलं. तरी लेख छापून आलाच. बाराव्यानंतर त्याने रेघा पुसल्या, प्रोग्रॅम तपासला आणि वाचकांना मासिकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता यावा म्हणून तिकडे धाडला. माणूस लाज कोळून पितो म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळलं.

अंक निघाला की लेखातला आपलाच नमुना-प्रोग्रॅम वाचकासारखा उतरवून एकदा चालवून बघायचा, हा त्याचा शिरस्ता. या वेळी चालवून बटणाऐवजी कळफलकावरची कळ दाबली, तर घंटा वाजेना. आत पाहिलं तर ओळीआधी दोन रेघा. घाईत जुनीच प्रत गेली असेल, असं म्हणून त्याने रेघा काढून पुन्हा पाठवला, पुन्हा उतरवला. रेघा होत्याच.

त्याने संपादिकेला फोन लावला.

"कसल्या रेघा?" ती म्हणाली. "इथे तर छान वाजतेय. वाचक खूश आहेत. थांबा, ऐकवतेच."

तिने फोन संगणकाजवळ धरला असावा. त्याच्या कानात तिच्या खोलीतल्या पंख्याची घरघर तेवढी आली.

"ऐकलंत?"

"हो," तो म्हणाला. पुन्हा तेच.

त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं, आज बायकोला सांगून मोकळं व्हायचं. मग ती तोंड न बघो की माहेरी निघून जावो, पण हे ओझं आता पेलवत नाही. फक्त त्याआधी नमुना एकदा शेवटचा उतरवून बघू, म्हणून तो बसला. वडिलांची खोली कधीच आवरली होती, बटणाची तार त्याने स्वतः उपटून ठेवली होती. स्वयंपाकघरात बायको भांडी विसळत होती.

"अहो," तिने हाक मारली. "घंटा वाजतेय ना."

त्याने कान दिला. पाण्याची धार ऐकू येत होती, भांडी ऐकू येत होती. बाकी घर गप्प होतं. पडद्यावर त्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा होत्या.

"अहो, कधीची वाजतेय. जा ना आत. हात ओले आहेत माझे."

बाबा गेले आहेत, हे तिला आठवत नव्हतं की काय? तिचा आवाज तर अगदी रोजचा होता, थोडा वैतागलेला. त्याला उठायचं होतं, देवाशपथ उठायचं होतं. पण आधी या रेघा पुसू, मग आपल्यालाही ऐकू येईल, म्हणजे जाता येईल, असं त्याला वाटलं. त्याने एक पुसली.

"एक मिनिट," तो म्हणाला.

आणि दुसरी पुसायला त्याने बोट टेकवलं तेवढ्यात स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं.

"थांबली," ती म्हणाली.