बापानं विचारायची गोष्ट

डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याच्या पलीकडे ही, माझी बायको, यंत्रासमोर हनुवटी टेकून बसली होती आणि अलीकडे बाकावर मी. यंत्राच्या आत बारीक दिवा लागायचा, तो दिसला की हिनं हातातलं बटण दाबायचं. आधी यंत्राची टिक, पाठोपाठ हिच्या बटणाची टक. मग नुसतीच टिक. पुन्हा टिक. मला वाटलं, हिला डुलकी लागली. ओरडणारच होतो, "अगं, दाब की!"

नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. त्यावर दोन्ही डोळ्यांच्या नजरेची चित्रं होती; जिथलं दिसत नव्हतं त्या कडा काळ्या झाल्या होत्या.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या आतला दाब वाढलाय. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची."

कापडाच्या कारखान्यात दोष शोधायचं काम ही करायची. एक तुटलेला धागा हिच्या नजरेतून सुटत नसे. मग हिचे डोळे बिघडलेत हे कुणाच्या डोक्यात येणार? चौकटीला खांदा आपटला, पेला सांडला, की मी हिला 'धडकगाडी' म्हणायचो. ही बाजूचं बघायला सारखी मान वळवायची. मला वाटायचं मान आखडली. दोन वर्षं मी हिच्या मानेला तेल चोळलं.

पुढे चार वर्षं सकाळ-संध्याकाळ थेंब घातले. नजर होती तेवढी राहिली. मागच्या वर्षी ही हृदयविकारानं गेली.

थेंबांच्या तीन बाटल्या सील न फोडता कपाटात पडून होत्या. गेल्या महिन्यात, कुणा गरजूला द्या म्हणून, त्या घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तारीख बघितली, दोन ठेवून घेतल्या आणि मला बसायला सांगितलं.

"मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे. शाळेची व्हॅन चालवते."

"तिचे डोळे तपासले?"

"तिला चांगलं दिसतं."

"तुमच्या बायकोलाही चांगलंच दिसत होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. बाईच्या शरीरातली काही हार्मोन्स डोळ्यातलं पाणी नीट वाहून जायला मदत करत असावीत. पाळी गेली की ती कमी होतात आणि काहींचा दाब थोडा चढतो. पाळी फार लवकर गेलेल्या बायकांत काचबिंदू जास्त आढळतो. हे एकच कारण नव्हे, आणि सगळ्यांना होतो असंही नव्हे. "पण आईला होता म्हणजे तपासणी करायचीच. तिच्या आईची पाळी अडतिसाव्या वर्षी गेली होती. मुलीचीही तशीच गेली असेल, तर अजिबात थांबू नका."

"ते मला काय माहीत?"

"मग विचारा."

विचारा! मी सुतार माणूस. त्या आठवड्यात एका कपाटाचा खण तीनदा रंध्यानं तासला आणि शेवटी तो इतका सैल झाला की नवा करावा लागला. रोज मुलीला फोन लावायचो आणि जेवलीस का विचारून ठेवून द्यायचो. शेवटी बहिणीला गाठलं.

"ताई, तू विचार ना."

"मी का? लेक तुझी."

"लाज वाटते गं."

"लहानपणी तिचं ढुंगण धुताना वाटली नाही ती? आणि मी विचारलं तर म्हणेल, बाबांना तोंड नाही का?"

म्हणून दुपारी शाळेसमोर गेलो. सुटायला वेळ होता. मुलगी व्हॅनमध्ये एकटीच बसून डबा खात होती. मी शेजारच्या सीटवर बसलो आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणालो, "तुझी पाळी येते का अजून?"

"बाबा!" घास तिच्या घशात अडकला. "ऊन लागलंय का तुम्हाला?"

"डॉक्टरीणबाई विचारत होत्या."

"त्यांना काय करायचंय?"

मी सगळं सांगितलं. आधी दाब, मग हार्मोन, मग बाटल्या, सगळं उलटसुलट. ती हसत होती, मग हसायची थांबली. डब्याचं झाकण लावलं.

"दोन वर्षं झाली बंद होऊन. चाळिसावं लागलं नि बंद. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, माझंही असंच झालं, सुटलीस."

"मग उद्याच जाऊ."

"मी नाही येणार."

"का?"

"तिथं कागदावर काळं आलं, तर ही पोरं कोण बसवेल माझ्या गाडीत? दुसरं काय येतं मला? तुम्ही सांभाळणार? नाहीतर आईला म्हणायचात तसं मलाही धडकगाडी म्हणा."

"म्हणालो तिला," मी म्हणालो. "दोन वर्षं म्हणालो. हसण्यावारी नेलं नसतं आणि तेव्हाच दाखवलं असतं, तर इतकी नजर गेली नसती. तुझं अजून काहीच गेलं नसेल. मोजलं तर कळेल. आणि गेलं असेल, तर बाजूनं एखादं पोर पळत आल्यावर कळायला हवंय का तुला?"

तिनं डबा पिशवीत कोंबला. घंटा झाली. मुलं दप्तरं आपटत आत घुसली. मी उतरलो. गाडी काढताना तिनं बाजूच्या आरशात बघितलं. मान किती वळवते ते मी बघत उभा राहिलो. सगळेच ड्रायव्हर वळवतात. की जरा जास्तच वळवली?

तेव्हापासून मला बसवत नाही. गुरुवारची वेळ घेतली, तर बदली ड्रायव्हर मिळत नाही म्हणाली. सोमवारची घेतली, तर मुलांच्या परीक्षा होत्या. काल पुन्हा वेळ घेतली आणि तिला कळवली. तिनं निरोप वाचलाय. अजून हो म्हणालेली नाही. तिच्या डोळ्यांचा दाब अजून कुणी मोजलेला नाही.